जुनी छायाचित्रे आणि स्थानिक इतिहासलेखन : कौंडण्यपूर व वर्धेच्या काठाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावरील गाव होय. प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून वारकरी संप्रदायात या गावाला मान आहे. दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा यांची नावेही याच भूमीशी जोडली जातात. येथून पंढरपूरला जाणारी पालखी संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये सुरू केली, असे परंपरा सांगते. म्हणजे आख्यानांत आणि कीर्तनांत या गावाचे वर्णन शेकडो वर्षे होत आले आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी या गावाचा नदीकाठ प्रत्यक्षात कसा दिसत होता, घाटाकडे उतरणारी वाट कोठून जात होती, घरांवर कौले होती की मातीचे धाबे, पैलतीराला जाणारी नाव कोठे लागत होती, या साध्या प्रश्नांची उत्तरे पोथ्यांत सापडत नाहीत. ती सापडली तर छायाचित्रांतच सापडतील.

स्थानिक इतिहासावरील महाविद्यालयीन प्रबंधांत व प्रकल्पांत जुन्या छायाचित्रांचा उपयोग बहुधा मुखपृष्ठाच्या शोभेपुरता होतो. गॅझेटिअरमधील एका वाक्याला जितके प्रामाण्य दिले जाते, तितके चित्राला दिले जात नाही. याला केवळ संशोधकांची अनास्था कारण नाही. छायाचित्र वाचावे कसे, ते कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले हे ठरवावे कसे, याची शिस्त आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासक्रमांत फारशी शिकविली जात नाही. प्रस्तुत लेखात रस्ते आणि नदीकाठ यांच्या जुन्या छायाचित्रांचा एक साधन म्हणून विचार केला असून त्यासाठी वर्धेचा काठ व वऱ्हाडचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

इंग्लंडमधील गावे आणि वऱ्हाडातील गावे

इंग्लंडमधील नदीकाठच्या मध्यम आकाराच्या शहरांची एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे मोठ्या संख्येने आढळतात. बाजारपेठेतील दुकाने, पुलाखालच्या होड्या, धक्क्यावरची पिंपे, गल्लीच्या तोंडाशी थबकलेली मुले असे सर्व काही त्यांत आहे. ही विपुलता आपोआप आलेली नाही. फ्रान्सिस फ्रिथ याने १८६० मध्ये आपली कंपनी स्थापन केली ती ब्रिटनमधील गावन् गाव छायाचित्रांत आणून त्यांच्या प्रती विकण्याच्या हेतूने. ऑक्सफर्डच्या हेन्री टॉन्ट याने थेम्स नदीचा काठ पायाखाली घालून तिची छायाचित्रे काढली व १८७२ मध्ये थेम्सचा सचित्र नकाशा प्रसिद्ध केला. रेल्वेने आणि होडीने सहलीला जाणारा मध्यमवर्ग हे या दोघांचेही गिऱ्हाईक होते.

याहून महत्त्वाची बाब पुढची आहे. १८९० मध्ये वॉरविकशर परगण्यात हौशी छायाचित्रकारांनी आपल्या परगण्याची छायाचित्र-पाहणी सुरू केली आणि तिच्या प्रती बर्मिंगहॅमच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवल्या. सर बेंजामिन स्टोन यांनी १८९७ मध्ये हीच कल्पना देशव्यापी करण्यासाठी संस्था काढली. ती १९१० मध्ये विसर्जित झाली, परंतु चित्रे उरली. गावातील माणसाने गावाचे चित्र काढावे आणि ते गावातील ग्रंथालयात ठेवावे, ही ती रीत होती. आज तेथील स्थानिक इतिहास चित्रमय दिसतो, त्यामागे छायाचित्रकारांच्या कौशल्याइतकाच ग्रंथालयांच्या कपाटांचा वाटा आहे.

महाराष्ट्रात छायाचित्रकला काही उशिरा आली असे नाही. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या नव्या विद्येशी जवळचा संबंध होता; नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत व्यवसाय म्हणून ही कला पत्करली. मात्र हे सारे मुंबईत घडत होते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि कॅमेरा येथे आला तो मुख्यतः सरकारी कामकाजाच्या पाठोपाठ.

वऱ्हाडच्या सीमेवर कॅमेरा घेऊन वावरणारा पहिला महत्त्वाचा माणूस मेजर रॉबर्ट गिल होय. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी त्याची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्याने अनेक वर्षे खपून तयार केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दरम्यान तो छायाचित्रणाकडे वळला होता. त्याने काढलेली दुहेरी, म्हणजे स्टिरिओ पद्धतीची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. लोणारची मंदिरे त्याच्या कॅमेऱ्यात आली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली आणि दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १९३१ मध्ये निघाला.

या चित्रांतून मंदिरे, लेणी, किल्ले मिळतात. गल्ली मिळत नाही. मंदिर मोकळे दिसावे म्हणून शेजारचे घर चौकटीबाहेर ठेवले जाई. चित्रात एखादा माणूस उभा असला तरी तो बहुधा खांबाची उंची कळावी यासाठी उभा केलेला असतो; त्याचे नाव कोठेही नोंदलेले नसते. गावची काळी आणि पांढरी, म्हणजे शेतजमीन आणि वस्तीची जागा, यांपैकी कोणतेच या चित्रांचा विषय नव्हते. असे असूनही कडेला, मागे, अनवधानाने काही आलेले असते. मंदिराच्या ओट्यावर वाळत घातलेली ज्वारी, पडक्या भिंतीला टेकवलेले बैलगाडीचे चाक, पायऱ्यांच्या फटीत वाढलेला पिंपळ अशा गोष्टींकडे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने मुख्य विषयापेक्षा अधिक लक्ष द्यावयास हवे.

कौंडण्यपूरच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा ही नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्या राज्यांमधील सीमा झाली. पुढे पूर्वेकडे मध्यप्रांत आणि पश्चिमेकडे वऱ्हाड असे दोन वेगळे कारभार चालले. ते १९०३ मध्ये एकत्र आले. आजही नदीच्या एका बाजूला अमरावती जिल्हा तर दुसऱ्या बाजूला वर्धा जिल्हा आहे. नदीकाठ हा जेथे गावाचा दर्शनी भाग नसून हद्दीची कड असतो, तेथील चित्रे व कागद दोन वेगवेगळ्या दप्तरांत विभागले जाण्याची शक्यता असते. म्हणून कौंडण्यपूरचा शोध केवळ अमरावतीच्या नोंदींत घेणे पुरेसे नाही. आर्वीकडून, म्हणजे पैलतीरावरून काढलेले चित्र हेच या गावाचे सर्वांत पूर्ण चित्र ठरू शकते, कारण उंच काठावरचे गाव समोरच्या काठावरूनच सबंध दिसते.

उत्खननाची छायाचित्रे

१९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली कौंडण्यपूर येथे उत्खनन झाले. त्याचा अहवाल महाराष्ट्र शासनातर्फे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहयुगापासून सातवाहनकाळापर्यंतच्या वस्तीचे पुरावे या उत्खननाने पुढे आणले आणि गावाच्या प्राचीनत्वाला परंपरेबाहेरचा आधार मिळाला. कौंडण्यपूरच्या संदर्भात छायाचित्र हे शास्त्रीय नोंद म्हणून पद्धतशीरपणे वापरले गेले, ते येथेच.

उत्खननातील छायाचित्राची स्वतःची भाषा असते. चित्रात मोजपट्टी ठेवलेली असते, उत्तर दिशा दर्शविलेली असते, चरातील मातीचे थर चिठ्ठ्या लावून दाखविलेले असतात. पुरातत्त्वज्ञाची नजर चराच्या तळाशी असते. परंतु त्याच चौकटीत वरच्या बाजूला १९६० च्या दशकातील गावाचा एखादा तुकडा येऊ शकतो, घमेली वाहणाऱ्या मजूर स्त्रिया येऊ शकतात, नदीचा उतार येऊ शकतो. सातवाहनकालीन खापरासाठी काढलेले चित्र अशा रीतीने साठ वर्षांपूर्वीच्या कौंडण्यपूरचाही दस्तऐवज होते. हा अहवाल पुन्हा उघडून पाहताना मातीच्या थरांबरोबर चित्रांच्या कडाही तपासल्या पाहिजेत. आजवर त्यांकडे या दृष्टीने पाहिले गेलेले नाही असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

छायाचित्र वाचताना

जुन्या छायाचित्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते कसे तयार झाले हे समजून घेणे आवश्यक ठरते. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने शोधलेली ओल्या काचेची पद्धत पुढील सुमारे तीस वर्षे सर्वत्र वापरात होती. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवावयाचे, अशी ती क्रिया होती. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लेप काही मिनिटांत सुकणार. तसेच सरकारी अधिकाऱ्यांचे दौरे हिवाळ्यात निघत. त्यामुळे जुन्या चित्रांत नदी बहुधा हिवाळ्यातील, निवळ आणि उतरलेली दिसते. ती पाहून वर्धा पूर्वी शांत होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे छायाचित्रकाराच्या वेळापत्रकाला नदीचा स्वभाव समजणे होय.

ओल्या काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. स्थिर वस्तू स्पष्ट येत, हलणारी माणसे पुसट होत किंवा मुळीच उमटत नसत. वाहते पाणी दुधासारखे किंवा धुक्यासारखे दिसते ते याच कारणाने. एखाद्या पेठेचा रस्ता जुन्या चित्रात ओस दिसतो, तेव्हा तो ओस होता असे नव्हे. बाजार भर गर्दीत असेल, परंतु कोणी जागचे हलल्यावाचून उभे राहिले नसेल. अशा चित्रात स्पष्ट उमटलेला माणूस हा बहुधा छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून उभा राहिलेला माणूस असतो. त्याची वेशभूषा त्या दिवसापुरती खास असणेही शक्य आहे.

रंगांच्या बाबतीतली फसगत अधिक सूक्ष्म आहे. सुरुवातीच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे येई, तर तांबड्या आणि भगव्या वस्तू काळपट येत. आपल्याकडील चित्रांत याचे परिणाम जागोजागी दिसावेत. देवळावरची भगवी पताका काळी दिसते. शेंदूर चर्चिलेला मारुती कोळशासारखा दिसतो. गेरूने सारवलेली भिंत काळोखी वाटते, आणि निळीचा हात फिरवलेली भिंत चुन्याने पांढरी केल्यासारखी. चित्रावरून घरांच्या रंगांविषयी विधान करणाऱ्या अभ्यासकाला हे ठाऊक नसेल, तर त्याची विधाने उलटी पडण्याची भीती असते.

कालनिश्चितीसाठी चित्रातील लहानसहान गोष्टी उपयोगी पडतात. दुकानाच्या पाटीवर ‘उमरावती’ लिहिले आहे की ‘अमरावती’, हे पाहावे. पाटीवर मध्यप्रदेशाचा उल्लेख असेल तर चित्र १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचे असण्याचा संभव अधिक, कारण त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राचा उल्लेख १ मे १९६० नंतरचा. किमती आण्यांत आहेत की नव्या पैशांत, यावरून १९५७ ची रेषा ओढता येते. रस्त्याच्या कडेचा दगड मैल सांगतो की किलोमीटर, हेही पाहण्यासारखे. पत्त्यात पिनकोड असेल तर चित्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. भिंतीवर चित्रपटाची जाहिरात असली तर तिच्यासारखा साक्षीदार दुसरा नाही, मात्र लहान गावांत चित्रपट उशिरा पोचत हे विसरता कामा नये. यांपैकी कोणताही पुरावा एकट्याने निर्णायक नसतो. जुनी पाटी पुष्कळदा वीस-वीस वर्षे तशीच लटकत राहते.

चित्रात काय नाही, हा प्रश्नही विचारावा लागतो. अमरावतीचा परकोट, त्याचे दरवाजे, मुख्य पेठा यांच्यापुढे कॅमेरा उभा राहणे स्वाभाविक होते. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांकडे तो क्वचितच वळला. नदीकाठच्या चित्रांत देवळाचा घाट असतो. कोणाला कोणत्या पाणवठ्यावर जाता येत होते आणि कोणाला नव्हते, हे मात्र चित्राच्या चौकटीवरून कळत नाही. अशा ठिकाणी मौखिक साक्षीची जोड दिल्याशिवाय जुनी छायाचित्रे गावाचे एकांगी आणि काहीसे गोडगुलाबी रूप उभे करतात. स्मरणरंजनपर पुस्तकांत नेमके हेच घडते.

बदलता नदीकाठ

रस्ता बदलला तरी त्याचे नाव आणि दिशा सहसा टिकते. नदीकाठाचे तसे नसते. वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलतात, दरड ढासळते, घाटाच्या खालच्या पायऱ्या गाळात जातात. गेल्या काही दशकांत वर्धेच्या बाबतीत यात माणसाच्या हाताची मोठी भर पडली आहे. कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण झाले. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे नाव आहे. खालच्या अंगाला निम्न वर्धा प्रकल्प आहे. दोन धरणांच्या मध्ये आलेल्या या पट्ट्यात नदीचे पाणी केव्हा वाढावे आणि केव्हा उतरावे हे आता केवळ पावसावर ठरत नाही. पुराणातील दमयंतीचे नाव जलाशयाला लाभले. धरणापूर्वीचा नदीकाठ कसा होता हे दाखविणारी चित्रे मात्र कोणी एकत्र केलेली नाहीत.

याच नदीवर वरच्या भागात नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या पुराने मोवाड उद्ध्वस्त झाले. २०४ माणसे मृत्युमुखी पडली. गावाचे पुनर्वसन नव्या जागी करावे लागले. पुरात घरे गेली, तेव्हा घरांच्या भिंतींवरच्या तसबिरी आणि ट्रंकांतले आल्बमही गेले असणार. जुन्या मोवाडची पेठ, तिच्यातील ओसऱ्या, नदीकडे उतरणारी बोळ हे सर्व आज आठवणींत आहे, आणि पुराच्या आधी गावाबाहेर गेलेल्या छायाचित्रांत आहे. लेकीच्या सासरी पाठविलेला लग्नाचा फोटो, नोकरीसाठी नागपुरास गेलेल्या मुलाजवळचा एखादा समूहफोटो एवढीच गावाची चित्रे उरण्याची शक्यता असते. वर्धेच्या काठावरील कोणत्याही गावाबाबत हे घडू शकते, म्हणून या विषयाला घाई आहे.

जुन्या चित्राची आजच्या स्थितीशी तुलना करण्याची एक सिद्ध पद्धत आहे. तिला पुनर्छायाचित्रण म्हणता येईल. १८८८ च्या सुमारास सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने आल्प्समधील हिमनद्यांच्या अभ्यासासाठी तिचा अवलंब केला. जुने चित्र ज्या जागेवरून काढले ती जागा शोधावयाची आणि तेथूनच नवे चित्र घ्यावयाचे, एवढेच तिचे तत्त्व. जागा शोधण्यासाठी चित्रातील एक जवळची आणि एक दूरची स्थिर वस्तू निवडतात, उदाहरणार्थ दीपमाळ आणि तिच्या मागची टेकडी. दोन्हींचे परस्परस्थान चित्राप्रमाणे जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकावे लागते. सावल्यांवरून वेळ आणि ऋतू ठरवता येतो. नदीकाठी महिना जुळणे अत्यावश्यक. मे महिन्यातील नदीची ऑक्टोबरातील नदीशी तुलना निरर्थक आहे.

स्थिर वस्तू कोणती मानावी, हा मात्र आपल्याकडे अवघड प्रश्न आहे. नाशिकला गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुती पूर मोजण्याचे सर्वमान्य माप झाला आहे. असे ठळक चिन्ह सर्वत्र नसते. देवळाचे शिखर स्थिर वाटते, पण जीर्णोद्धारात त्याची उंची आणि आकार दोन्ही बदलतात, वर तैलरंग चढतो आणि जुन्या दगडी बांधणीची ओळख पटत नाही. काळ्या खडकाचा उघडा पडलेला थर किंवा जुन्या पायऱ्यांची रांग अधिक भरवशाची. कौंडण्यपुरात विठ्ठल-रुक्मिणी मंदिर आणि अंबिकामातेचे मंदिर ही दोन ठिकाणे पकडून त्यांच्या संदर्भात नदीचा काठ मोजता येईल, परंतु दोन्ही मंदिरांतील बांधकामाचे टप्पे आधी नीट नोंदवावे लागतील.

घरांतील चित्रे आणि त्यांचे जतन

सरकारी दप्तरात रस्ता आणि नदी दुय्यम असली, तरी घरोघरच्या फोटोंत ती येतात. कार्तिकातील यात्रेला आणि दहीहंडीला आलेले भाविक, पालखीच्या प्रस्थानाचा क्षण, दिंडीतील मंडळी, शाळेची सहल अशा निमित्ताने काढलेल्या चित्रांत मागे घाट असतो, दुकानांची रांग असते. यात्रेत पडदा टांगून बसणाऱ्या फोटोवाल्यांची चित्रे या कामी निरुपयोगी वाटतात, कारण पडद्यावर महाल रंगवलेला असतो. पण पडद्याची कड कधी सरकलेली असते आणि तिच्याबाहेर खरी यात्रा डोकावते.

ही चित्रे मिळाल्यावर मूळ प्रत मालकाकडेच राहू देणे उत्तम. तिची स्कॅन केलेली प्रत घ्यावी. किमान सहाशे बिंदू प्रति इंच ठेवावेत आणि पाठीमागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणीतरी शाईने लिहिलेले नाव तिकडेच असते. मोबाइलवरून घेतलेली प्रत कामचलाऊ म्हणूनच धरावी. मूळ फोटोला लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. जुने स्टुडिओ बंद पडताना या काचा भंगारात जातात; अनेक ठिकाणी लेप खरवडून त्या चौकटींना वापरल्या गेल्या आहेत. १९७० व १९८० च्या दशकांतील रंगीत फोटोंची स्थिती तर कृष्णधवल फोटोंहून वाईट आहे. ते तांबूस पडत चालले असून त्यांची प्रत आधी घेणे शहाणपणाचे ठरेल.

नोंद करताना गावाच्या नावाची सर्व रूपे लिहावीत: कौंडण्यपूर, कौंडिण्यपूर, कुंडिनपूर, कुंडिनापूर. इंग्रजी साधनांतील स्पेलिंगे याहून विविध आहेत आणि एकाच रूपाने शोध घेतल्यास निम्मी सामग्री हाती लागत नाही. चित्रातील व्यक्तींची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावीत. घाटावर स्नान करणाऱ्या स्त्रियांची किंवा दुःखाच्या प्रसंगाची चित्रे कुटुंबाच्या संमतीवाचून छापू नयेत. स्वामित्वहक्काचा प्रश्नही पाहावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत राहतो. शासकीय प्रकाशनाची मुदत प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे आहे. त्या हिशेबाने १९६८ च्या उत्खनन अहवालातील छायाचित्रे २०२८ अखेर मुक्त होतील. तोपर्यंत त्यांच्या पुनर्मुद्रणासाठी शासनाची अनुमती आवश्यक आहे. मात्र चित्रे समोर ठेवून नदीकाठावर जाण्यास व ती कोठून काढली हे शोधण्यास कोणाच्या अनुमतीची गरज नाही, आणि त्या वेळी उत्खननावर मजुरी केलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.